दोऱ्याची दुसरी गाठ

६ फेब्रुवारी, गुरुवार

दिसला. भिंतीपलीकडचा दोरा आज दिसला.

आधी लिहिते, मग जेवते. माघ शुद्ध नवमी. सव्वासातला गच्चीवर. वारा नाही, हवा स्वच्छ, चंद्र डोक्यावर. दुर्बिणीत नेहमीसारखा उलटा. भिंत, म्हणजे चंद्रावरचा लांब सरळ कडा, काळीकुट्ट, पट्टी लावून ओढलेली. (ही नावं माझी. पुस्तकातली माझ्या तोंडात बसत नाहीत.) अष्टमीला भिंत अंधारात असते, दशमीला तिची सावली संपत आलेली असते. तिची संध्याकाळ नवमीची. भिंतीशेजारी वाटी, म्हणजे लहान गोल खड्डा. आणि वाटीच्या पलीकडं दोरा. जमिनीला गेलेली बारीक भेग आहे ती, पण दिसते दोऱ्यासारखी. हवा थरथरली की जातो, थांबली की येतो. खालच्या टोकाला एक गाठ, टाचणीच्या डोक्याएवढा खळगा. वरचं टोक नुसतं विरतं.

चार महिने याच्या मागं होते. मांडीवर पाट घेऊन तिथल्या तिथं ग्राफच्या कागदावर काढला. वेळ घातली, ७.३५ ते ८.१०.

ह्यांनी खालून दोनदा हाक मारली. "भाकरी गार झाली. चंद्र उद्या बी हाय की."

म्हटलं, चंद्र हाय, दोरा न्हाई.

७ फेब्रु.

खरंच नाही. तिथं ऊन वर चढलं, सावल्या गेल्या, दोरा गेला. आता थेट पुढच्या नवमीला, तेही आभाळाच्या मर्जीनं.

दुपारी फेअर कॉपी केली. रेडिओ लावून बसले, दोन तासांत झाली. चौतीस वर्षं चादरीचे ग्राफ भरलेत, हात आपोआप चालतो. एक घर म्हणजे एक टाका. काठाची बुट्टी, म्हणजे छोटी नक्षी, अर्धीच काढायची, उरलेली उलटून भरायची. ब्रश धरला की मान खाली आणि डोकं रिकामं. मग कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि मालकांनी सांगितलं, "मावशी, आता घरी आराम करा." जणू मी आराम मागायला गेले होते.

माझ्या डिझाइनच्या चादरी कुठं कुठं गेल्या. सगळ्यांवर कारखान्याचं लेबल. कुणी काढलं ते कुठंच नाही. तेव्हा खटकलं नाही, आता खटकतं.

आमच्या खगोल मंडळात एक निरीक्षणांची नोंदवही आहे. तारीख, वेळ, काय पाहिलं, आणि पाहणाऱ्याचं नाव, सही. दोन वर्षं जातेय, माझं एकही पान नाही त्यात. हे होईल.

१६ फेब्रु., रविवार

रागात लिहितेय, अक्षर वाकडं येईल. येऊ दे.

मंडळाची बैठक. भरते रणदिवे सरांच्या क्लासच्या हॉलमध्ये. सरच अध्यक्ष, फिजिक्स शिकवतात. मी चित्र पुढं ठेवलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. म्हणाले, "ताई, पाच इंची दुर्बिणीत ही रेघ सोलापुरातनं दिसणं अवघड आहे हो. मोबाईलवर नकाशा असतो चंद्राचा, त्यावरनं काढलंत का? प्रामाणिकपणे सांगा, रागावणार नाही."

रागावणार नाही म्हणे! हे कोण रागावणारे?

मी म्हटलं, डोळ्यानं बघून काढलं. वेळ घातलीय कोपऱ्यात. तर हसून म्हणाले, "वेळ काय, कुणीही घालतं. पण हात सुरेख आहे हां तुमचा. रांगोळीच्या स्पर्धेत भाग घ्या." सगळे हसले. लई मोकळं हसले. ज्यांना चंद्राची अष्टमी आणि नवमी ओळखता येत नाही, तेही.

नोंदवहीत घ्यायला नकार. "भिंतीवर चित्र म्हणून लावू. निरीक्षण म्हणून नको." चित्र तिथंच ठेवून घेतलं. मी चहा न घेता निघाले. शुक्रवार पेठेत येईपर्यंत चालतच आले, रिक्षा दिसलीच नाही मला.

१७ फेब्रु.

हे म्हणतात, पोनीले, म्हणजे जाऊ दे. ह्यांचं पहिल्यापासून हेच. मिल बंद पडली तेव्हा पोनीले, पाणी चार दिवसांनी आलं तरी पोनीले. सोडून देण्यात माणसाचा हात कुणी धरू नये. मी नाही सोडणार. मला खोटं म्हटलंय, आणि तेही हसत.

दुपारी शेजारच्या गच्चीवरून शमीमभाभी डोकावली. तिचं शिलाईचं काम आहे, काज-बटण आणि हातशिलाई, दिवसभर जिन्याच्या तोंडाशी उजेडाला बसते. आमच्या दोन गच्च्यांमध्ये कमरेएवढा कठडा.

"क्या हुआ पद्माबाई, सुबेसे बर्तन लई बजरे तुमारे?"

सांगितलं, मंडळाच्या सरांशी वाजलंय.

"तो उनके घरमें जाके बजाओ ना. अपने बर्तन कायकू फोडते?"

हसू आलं. पण राग गेला नाही. बरं झालं, जायलाच नको आहे तो.

२ मार्च

मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं. एका बोटानं टाइप करून पाऊण तास लागला. जसंच्या तसं इथं उतरवून ठेवते :

"मी ६ तारखेला जे दिसलं तेच काढलं. एक टिंबसुद्धा जास्तीचं नाही. ज्यांना शंका आहे त्यांनी ७ मार्चला, नवमीला, संध्याकाळी माझ्या गच्चीवर यावं. चहा मिळेल. पद्मा."

उत्तरं : चार अंगठे, तीन हात जोडलेले, एक फुलाचं चित्र. अंगठा कशाला म्हणून? एकानं विचारलं, गच्चीवर चप्पल चालते का. शेवटी र. सरांचं, "ताई, वैयक्तिक घेऊ नका. येतो सातला."

मला खोटारडी म्हटलं तर मी ते वैयक्तिक नाही तर काय सार्वजनिक घ्यायचं?

७ मार्च, शुक्रवार

आले नाहीत. साडेसातला मेसेज, "एक्स्ट्रा बॅच लागली. पुढच्या महिन्यात नक्की." पुढच्या महिन्यात नक्की म्हणे, जसं काय दोरा हा यांच्या क्लासचा विद्यार्थी आहे.

चहा तीनदा उकळला. शेवटी ह्यांनीच प्यायला, तिन्ही वेळचा.

बरं, दोराही अर्धा अंधारात होता. या महिन्यात तिथं ऊन थोडं उशिरा पोचलं. भिंत दिसली, वाटीचा काठ दिसला, बस. आले असते तर म्हणाले असते, बघा, मी म्हटलंच होतं. तेव्हा आले नाहीत ते एका अर्थी बरंच. तरी मला राग यायचा तो आलाच.

रोजा सोडून भाभीनं कठड्यावरून भज्यांची ताटली दिली. "आये नहीं ना तुमारे सर? मैं बोली थी."

ती असं काही बोलली नव्हती.

२३ मार्च, रविवार

देवा. कुठून सुरू करू.

ग्रुपवर र. सरांनी स्वतःहून लिहिलं. पुण्यात त्यांचे कुणी मित्र आहेत, मोठी दुर्बीण आणि कॅमेरावाले. त्यांच्याकडून त्या भागाचा फोटो मागवला. फोटो टाकला. भिंत, वाटी, दोरा, जिथल्या तिथं. पुढं लिहिलंय :

"पद्माताईंच्या चित्रात दोऱ्याच्या दोन्ही टोकांना खळगे आहेत. फोटोतही दोन्ही टोकांना आहेत. मोबाईलच्या ज्या नकाशावरून त्यांनी काढलं असं मला वाटलं, त्यात वरचा बारका खळगा नाहीच. तो मलाही माहीत नव्हता. म्हणजे तो त्यांनी प्रत्यक्षच पाहिला. मी माझे शब्द मागे घेतो. पाडव्याच्या कार्यक्रमात नोंदवहीत रीतसर नोंद आणि चित्र फ्रेम करून हॉलमध्ये."

तीनदा वाचलं. ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "मग? झालं ना मनासारखं? आता तरी नीट जेव."

संध्याकाळी शेंगापोळ्या केल्या. कठड्यावरून चार भाभीला. एवढंच सांगितलं, जिंकले. ती म्हणाली, सरांच्या तोंडावर सांगून ये, फोनवर जिंकण्यात काय मजा.

फोटोतला वरचा खळगा बघत बसले होते मगाशी. किती बारीक आहे. मला कसा दिसला असेल? पण दिसला. चौतीस वर्षांचे डोळे आहेत.

२४ मार्च

दिसला नव्हता.

पाडव्याला कच्चा कागदही न्यावा म्हणून पाट काढला. त्याला क्लिप लावून कागद तसाच होता. ६ फेब्रु., ७.३५ ते ८.१०. भिंत, वाटी, दोरा. खालच्या टोकाला गाठ. वरच्या टोकाला काही नाही. नुसतं काही नाही असंही नाही, शेजारी माझ्या अक्षरात लिहिलंय, "वर विरतो". मागं जाऊन या वहीतलं त्या दिवशीचं पान वाचलं. तिथंही तेच.

फेअर कॉपीचा फोटो मोबाईलमध्ये आहे. दोन गाठी. दोन्ही एका मापाच्या, समोरासमोर, काठाच्या बुट्ट्या.

मीच काढली ती दुसरी. डोळ्यानं नाही, हातानं. रेडिओ लावून. खाली एक बुट्टी आली की वर दुसरी येणारच, चौतीस वर्षं दुसरं केलंय काय? अर्धं बघायचं, उरलेलं उलटून भरायचं.

आणि ती नेमकी तिथं आहे. खरोखरची. चंद्रावर.



२५ मार्च

राग कुणावर काढू? काल दिवसभर हाच प्रश्न. आज यादी केली. पहिली मी. "एक टिंबसुद्धा जास्तीचं नाही" असं गावभर लिहिणारी मी. एकच टिंब जास्तीचं होतं आणि तेच खरं निघालं.

दुसरे र. सर. खालची गाठ मी खरी बघितली, दोरा खरा बघितला, थंडीत मान मोडेस्तोवर बसून बघितला, त्याला खोटं म्हणाले. जे बघितलंच नाही त्याच्यावर मला खरं ठरवलं. मग यांच्या खरं म्हणण्याला अर्थ काय राहिला?

ह्यांना सांगितलं. ह्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, म्हणजे मनावर घेतलं. म्हणाले, "गाठ तितं हाय ना?"

हाय.

"मग चूक कुटं हाय? तू काढली, ती निघाली. आणखी काय पायजे लोकांना?"

म्हटलं, तिथं असण्यानं काय होतंय? नोंदवहीत "काय आहे" लिहीत नाहीत, "काय पाहिलं" लिहितात. मी पाहिली नाही.

"कुणाला कळणार हाय?"

मला कळलंय की.

ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला नाही. म्हणाले, "कारखान्यात एकदा तू रात्रपाळीला माग थांबवायला लावला होतास. एका चुकलेल्या घरासाठी." मी विसरले होते ते.

२९ मार्च

क्लासवर जाऊन सरांना सांगितलं. कच्चा कागद दाखवला. फोनवर नको, समोर सांगायचं, भाभीचं ते एक बरोबर होतं.

त्यांनी दोन्ही चित्रं बघितली. मग काय म्हणाले? "ताई, असं होतं. डोळ्याला दिसतं, मनाला कळत नाही, हात मात्र बरोबर काढतो. ही तर मोठी गोष्ट झाली!" त्यांचा चेहरा फुलला. कार्यक्रमात सांगायला आणखी एक किस्सा मिळाला त्यांना.

मी म्हटलं, सर, तसं काही नाही. काठाची बुट्टी आहे ती. कुठल्याही चादरीवर बघा.

मग आवाज खाली आला. "फ्रेम करून झालीय. निमंत्रणं गेलीत. मी ग्रुपवर जाहीर माफी मागितलीय, दीडशे लोक आहेत त्यात. आता तुम्ही उठून म्हणणार, नव्हतं दिसलं. मग माझी माफी कुठं जाईल?"

म्हणजे हे आहे. माझ्या डोळ्यांची काळजी नाही, यांच्या माफीची काळजी. फेब्रुवारीत खरं सांगत होते तर मी खोटी. आता चूक झाली म्हणून सांगतेय तर ऐकायला तयार नाहीत. नक्की काय केलं म्हणजे या माणसाला माझं म्हणणं पटेल?

बाहेर आले तर चपलांच्या ढिगात माझी एक चप्पल सापडेना. त्यावरूनही मी भडकले. बिचारी एक विद्यार्थिनी शोधून देत होती, तिला उगीच बोलले.

३० मार्च, पाडवा

जायचं नाही असं ठरवलं होतं. गेले. सकाळी गुढी उभारताना ह्यांनी विचारलं, "इरकल नेसणार का?" म्हणजे मी जाणार हे ह्यांना माझ्याआधी कळलं होतं.

हॉल भरलेला. भिंतीवर फ्रेम, काचेत माझा दोरा, दोन्ही गाठी चकचकीत. र. सरांनी भाषण केलं, निरीक्षण, चिकाटी, सोलापूरची कन्या. मी निजामाबादहून लग्न करून आलेली, पण असू दे. मग नोंदवही उघडून माझ्यापुढं ठेवली. तारीख, वेळ, सगळं लिहून तयार. "भिंतीपलीकडील घळ, दोन्ही टोकांचे खळगे स्पष्ट." खाली माझं पूर्ण नाव. फक्त सही बाकी.

पूर्ण नाव बघून क्षणभर डोळे भरले. हे लिहायला लाज वाटते, पण भरले. पेन हातात घेतलं होतं. सही केली असती तर आत्ता घरी श्रीखंड खात बसले असते.

म्हटलं, वरची गाठ मी बघितली न्हाई. खालची बघितली, दोरा बघितला. वरची हातानं झाली. ती खोडा, मग सही करते.

मागून एक आवाज, "मग काय, फोटो बघूनच काढलं म्हणा की." पुन्हा तेच! मी वळून बघितलं, कोण ते कळलं नाही. सगळे समोर बघत होते.

एकानं तरी विचारावं, खालची कशी दिसली? दोरा कसा दिसला? नाही. एक चूक कबूल केली की बाकीचं सगळं आपोआप खोटं.

र. सरांनी नोंदवही हळूच मिटली. मग परत उघडली, हे त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते. ते पान फाडलं नाही. "खळगे स्पष्ट" वर काट मारली, माझं नाव पांढऱ्या शाईनं पुसलं आणि त्यावर पेन्सिलनं पुन्हा लिहिलं. म्हणाले, "परत बघा. दिसलं की कळवा. मग पेननं करू." आवाज गार होता, पण हसले नाहीत.

फ्रेम मी घेऊन आले. द्यायला खळखळ केली, मी ऐकलं नाही. कॉटखाली आहे, तोंड भिंतीकडं.

पेन्सिलनं. वर्गातल्या पोरीचं लिहितात तसं.

३१ मार्च

ईद. भाभीनं शीरखुर्मा दिला. चेहरा बघून काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. सणाच्या दिवशी कुणाचं तोंड कशाला कडू करा.

६ एप्रिल, रविवार

रामनवमी. नवमी म्हणजे माझीही. चार ठिकाणचे लाउडस्पीकर, धूळ, खालच्या बोळात दिव्यांच्या माळा. तरी डोक्यावर आभाळ बरं होतं.

दोरा आला. पावणेआठला स्वच्छ. खालची गाठ हजर. वरचं टोक... दिसली असं वाटलं. डोळा बाजूला घेतला, पुसला, परत लावला. नाही. परत लावला. आहे. पाच वेळा नाही, चार वेळा आहे.

पण आता मला ठाऊक आहे ती कुठं आहे. फोटोत अर्धा तास बघितलीय. डोळा तिथंच जातो आणि जाऊन तिथं ठेवूनच येतो. आज दिसली असं लिहिलं तर कुणी बघितली? मी की त्या पुण्याच्या कॅमेऱ्यानं?

तो फोटो कुणी मागितला होता? मी नव्हता मागितला. मी म्हटलं होतं गच्चीवर या. गच्चीवर यायला यांना वेळ नव्हता, फोटो मागवायला होता. आता जन्मभर त्या टोकाकडं मला कोऱ्या डोळ्यानं बघता येणार नाही. माझी सगळ्यात मोठी तक्रार आता हीच आहे, आणि ती सांगायची कुणाला?

काहीच नोंदलं नाही. कागद कोरा ठेवला.

१२ एप्रिल

सकाळी भाभी काज करत बसली होती. काळ्या कापडावर काळा दोरा, चष्म्याशिवाय. बघत उभी राहिले. ती म्हणाली, "ऐसा क्या देखरे? नजर लगेगी." म्हटलं, तुझ्या नजरेचीच गरज आहे.

तिनं फोटो बघितलेला नाही. माझं चित्रही नाही. तिला एवढंच माहीत आहे की माझं आणि सरांचं वाजलंय. तिला एकच सांगायचं, दोरा कुठं आहे ते. टोकांबद्दल चकार शब्द नाही. तिनं बघायचं, तिनं काढायचं. ह्यांनाही बजावलं, तोंड उघडलंत तर बघा.

"मेरेकू ड्रॉइंग नहीं आता," म्हणाली.

काज येतं ना?

"वो तो आता."

तेवढंच पुरे.

४ मे

तीन संध्याकाळी सराव घेतेय. पहिल्या दिवशी "गड्ढेच गड्ढे हैं, रोडके माफिक," म्हणून खाली गेली. काल एका खड्ड्यातला बारका खड्डा तिनं मला दाखवला, जो मी वर्षभर बघितला नव्हता. माझ्याच दुर्बिणीत! थोडा रागच आला मला, खोटं कशाला बोलू. आज कागदावर हात बसला. ती काढत नाही, टाके घालते, बारीक बारीक रेघा. पण जिथं आहे तिथंच घालते.

उद्या नवमी.

५ मे, सोमवार

वळीव. साडेसहाला वारा, सातला ढग, मग थेंब. दुर्बीण ताडपत्रीत गुंडाळून दोघी जिन्यात बसलो. गच्ची दिवसभर तापलेली, वाफ जिन्यापर्यंत. भाभी म्हणाली, "चांदकू क्या जल्दी है, पद्माबाई?"

त्याला नाही, मला आहे. जूनमध्ये एक नवमी मिळाली तर मिळाली, मग आभाळ दिवाळीकडंच उघडेल. ग्रुपवर एकानं विचारलं, त्या ताईंच्या खळग्याचं काय झालं? खाली हसरा चेहरा. नोंदवहीत पेन्सिल तशीच असेल.

१ जून

ढग. सराव नाही. ह्यांनी सकाळपासून तीन वेळा आभाळ बघितलं, मला दिसणार नाही असं बघत.

४ जून, बुधवार

ज्येष्ठ शुद्ध नवमी. सात वाजता सगळं झाकलेलं. साडेसातला पश्चिमेकडनं फट पडली. ह्यांनीच खालून ओरडून सांगितलं, "आगं, उघडलंय, जा की लवकर." मग स्वतः भाभीला हाक मारायला गेले. इतक्या वर्षांत गच्चीच्या कामात ह्यांनी पहिल्यांदा पाय हलवला.

आधी भाभी. दुर्बीण लावून दिली, भिंत दाखवली, वाटी दाखवली, म्हटलं, वाटीच्या पलीकडं काय असेल ते काढ. जे दिसेल तेच. न दिसेल ते नको. मी जिन्यात जाऊन पाठ करून बसले, चेहऱ्यावरनं तिला काही कळू नये म्हणून. वीस मिनिटं. मधे एकदा म्हणाली, "आया... गया... फिर आया." मी विचारलं नाही काय आलं ते. तिनं कागद काढला, घडी घातली, चौघडी, आणि सुयांच्या डबीत ठेवून माझ्या हातात दिली.

मग मी. पंधरा मिनिटं, आठ पाच ते आठ वीस. ढग आला आणि संपलं.

आता स्वयंपाकघरात बसून लिहितेय. डबी समोर आहे. माझ्या कागदावर भिंत आहे, वाटी, दोरा, खालची गाठ. वरचं टोक अजून मोकळं सोडलंय. आधी माझं लिहायचं, मग तिचा कागद उघडायचा, असं ठरवलंय. उलट केलं तर पुन्हा तेच होईल, एकीचं बघायचं आणि दुसरीचं उलटून भरायचं.

वाटलं तर होतं. एकदा तर लई वाटलं. आठ बाराच्या सुमाराला हवा थांबली होती, तिथं काहीतरी होतं, असं कुणीही शपथेवर सांगितलं असतं. मीही सांगितलं असतं, फोटो बघितला नसता तर. चार महिने या एका टिंबासाठी सगळ्यांशी भांडले, आणि शेवटी ते नक्की दिसलं नाही असं सांगायचं कुणी, तर मीच. मला वाईट वाटतंय. लई वाईट वाटतंय.

भाभीनं कठड्यावरून विचारलं, "खोली क्या?"

नक्को म्हटलं, थांब.

पेन घेतलं. वरच्या टोकाशेजारी लिहिलं, "वर विरतो." खाली तारीख, वेळ, पूर्ण नाव. शाईनं.

डबी अजून बंद आहे. हे समोर येऊन बसलेत, टीव्ही बंद करून.